दुसऱ्यांच्या सामन्यांतली शतकं

ऑक्टोबर १९८३. दिल्लीच्या फिरोजशाह कोटलावर सुनील गावसकरने ९४ चेंडूंत शतक ठोकलं. ते त्याचं २९वं कसोटी शतक. डॉन ब्रॅडमनची बरोबरी झाली आणि माल्कम मार्शलला मारलेले हूक एका अख्ख्या पिढीला पाठ झाले. क्रिकेटवेड्या कुठल्याही मराठी घरात आजही त्या खेळीबद्दल भरभरून बोलणारं कुणीतरी निघतंच. त्या डावातली सर्वांत मोठी धावसंख्या मात्र गावसकरची नव्हती. गावसकरच्या १२१ झाल्या. दिलीप वेंगसरकरच्या १५९.

वेंगसरकरच्या कारकिर्दीकडे पाहताना या धावफलकापासून सुरुवात करावी, कारण पुढे हेच पुन्हापुन्हा दिसतं. ११६ कसोटी, ६८६८ धावा, १७ शतकं, ४२.१३ची सरासरी. १९९२मध्ये तो थांबला तेव्हा भारतासाठी त्याच्यापेक्षा जास्त कसोटी धावा आणि जास्त शतकं फक्त गावसकरच्या नावावर होती. तरीही ‘महान’ हा शब्द त्याच्या नावापुढे सहज लागत नाही. गावसकर, विश्वनाथ, तेंडुलकर, द्रविड अशी नावं ओळीने येतात आणि वेंगसरकरशी आलं की बोलणारा थोडा थांबतो. ‘चांगला होता, खूप चांगला होता,’ असं म्हणून पुढे जातो. हे थांबणं योग्य आहे का, हे एकदा नीट तपासायला हवं.

राजापूरला जन्मलेला, दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेला हा मुलगा किंग जॉर्ज शाळेतून आणि दादर युनियनमधून वर आला. ज्या क्लबात माधव मंत्रींची शिस्त आणि वासू परांजप्यांची नजर होती, तिथे विकेट फेकणं हा गुन्हा मानला जाई. १९७५मध्ये नागपूरला इराणी करंडकात बेदी आणि प्रसन्नाला षटकार खेचत त्याने ११० धावा केल्या, तेव्हा जुन्या जाणत्यांना कर्नल सी. के. नायडूंची आठवण झाली आणि एकोणीस वर्षांच्या पोराला ‘कर्नल’ हे नाव चिकटलं. गंमत म्हणजे पुढचा कसोटीतला वेंगसरकर त्या दिवशीच्या फटकेबाजासारखा क्वचितच खेळला. उंच अंगकाठी, पुढे टाकलेला पाय, सरळ बॅट आणि डोळ्यांचं पारणं फेडणारा ऑन ड्राइव्ह, अशी त्याची ओळख झाली. जानेवारी १९७६मध्ये ऑकलंडला तो सलामीला पहिली कसोटी खेळला. पहिल्या शतकासाठी त्याला जवळजवळ तीन वर्षं वाट पाहावी लागली.

आणि ते शतक कुठे आलं? १९७८ संपून १९७९ उजाडताना, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, वेस्ट इंडिजविरुद्ध. गावसकर आणि वेंगसरकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी ३४४ धावांची अभेद्य भागी केली. वेंगसरकर नाबाद १५७. पण गावसकरने पहिल्या डावात १०७ आणि दुसऱ्या डावात नाबाद १८२ केल्या होत्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढण्याची करामत तिसऱ्यांदा करणारा तो जगातला पहिला फलंदाज ठरला. सामना साहजिकच त्याच्या नावाने ओळखला जातो. शेवटी वेस्ट इंडिजचे नऊ गडी बाद होऊनही अंधुक उजेडात भारताच्या हातून विजय निसटला, हे दुसरं लक्षात राहिलं. वेंगसरकरचं पहिलं शतक तिसऱ्या ओळीत गेलं.

त्याच १९७९च्या सप्टेंबरात ओव्हलवर भारत ४३८ धावांचा पाठलाग करत ४२९पर्यंत पोचला. गावसकरच्या २२१ धावांमुळे तो सामना दंतकथा झाला. तीन महिन्यांनी कोटलावर पाकिस्तानविरुद्ध भारतापुढे ३९० धावांचं लक्ष्य होतं. भारत सहा बाद ३६४पर्यंत गेला, २६ धावा कमी पडल्या, आणि तो पाठलाग ओढून नेणारा वेंगसरकर नाबाद १४६वर परतला. या दोन सामन्यांत फारसं अंतर नाही. दोन्ही चौथ्या डावातले, दोन्ही अनिर्णित, दोन्हीकडे भारत विजयाच्या उंबरठ्यावरून मागे आला. ओव्हलवर मात्र लेख येत राहतात. कोटलाच्या त्या दिवसाबद्दल कुणी फार बोलत नाही.

आठवण अशीच काम करते. ती सामन्याला एक नाव देते आणि बाकीच्यांना त्या नावाच्या आधाराने उभं करते. गावसकरच्या काळात, त्याच्याच शहरात, त्याच्याच क्लबात आणि त्याच्याच मागोमाग फलंदाजीला येणाऱ्या माणसाच्या वाट्याला मग काय यावं? वेंगसरकरवर खरा अन्याय निवड समितीने किंवा वर्तमानपत्रांनी केला नाही. आपल्या सगळ्यांच्या आठवणीने केला.

महानपण मोजताना म्हणून एक रीत वापरून पाहावी. सामन्याचं गाजलेलं नाव बाजूला ठेवायचं आणि नुसता धावफलक वाचायचा. समोर कोण होतं, खेळपट्टी कशी होती, संघ किती अडचणीत होता. ही रीत वेंगसरकरच्या बाजूने जाते तशी त्याच्या विरोधातही जाते, आणि दोन्ही बाजू मांडल्याच पाहिजेत.

विरोधातलं आधी. त्याच्या १७ शतकांपैकी १३ भारतातली. परदेशातली चार, चारही इंग्लंडमध्ये. ऑस्ट्रेलियाला तो चार दौऱ्यांत गेला, शतक नाही. वेस्ट इंडिजमध्ये नाही, १९८३मध्ये अँटिग्वाला ९४वर तो सर्वांत जवळ पोचला. पाकिस्तानात नाही, न्यूझीलंडमध्ये नाही. देशात पन्नासच्या पुढे असलेली त्याची सरासरी परदेशात तिशीत उतरते. वेस्ट इंडिजविरुद्ध सहा शतकं हे त्याच्या नावावरचं मोठं भांडवल मानलं जातं, पण तेही चाळून घ्यायला हवं. १९७८-७९च्या वेस्ट इंडिज संघातले मोठे खेळाडू केरी पॅकरच्या खासगी मालिकेकडे गेले होते. कलकत्ता आणि दिल्लीची दोन शतकं त्या दुबळ्या झालेल्या संघाविरुद्धची. १९८७च्या दौऱ्यावर मार्शल आलाच नव्हता. ज्यांना गावसकरच्या ओळीत वेंगसरकरला बसवायचं आहे, त्यांनी हे आकडे टाळू नयेत. त्या ओळीत तो बसत नाही. जगातल्या प्रत्येक प्रकारच्या खेळपट्टीवर शतक काढणं ही त्या ओळीची अट आहे, आणि ती त्याने पुरी केली नाही.

पण १९८३ची दोन शतकं उरतात, आणि ती साधी नाहीत. त्या वर्षीच्या जूनमध्ये विश्वचषकाच्या साखळी सामन्यात ओव्हलवर मार्शलचा उसळता चेंडू वेंगसरकरच्या तोंडावर बसला. ३२ धावांवर त्याला मैदान सोडावं लागलं, टाके पडले आणि त्याच्यापुरता विश्वचषक तिथेच संपला. २५ जूनला लॉर्ड्सवर भारत जगज्जेता झाला तेव्हा तो अकरांत नव्हता. चार महिने उलटतात न उलटतात तोच मार्शल भारतात आला. कानपूरच्या पहिल्या कसोटीत त्याने गावसकरच्या हातातली बॅट उडवली आणि भारत डावाने हरला. विश्वचषकाचा सूड घ्यायला आलेल्या त्या संघाची ती धग होती. त्यानंतरच्या कोटला कसोटीत वेंगसरकरच्या १५९. पुढे मुंबईत १००. मालिका भारताने ३-० अशी गमावली. जबड्यावर घाव घालणाऱ्या गोलंदाजासमोर पुन्हा पाय पुढे टाकून उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याने कधी बॅट हातात धरली आहे त्याला सांगावं लागत नाही. या १५९ धावा गावसकरच्या १२१ धावांच्या शेजारी, बरोबरीने ठेवायला हव्यात.

आता लॉर्ड्स. तिथे कसोटीत तीन शतकं काढणारा वेंगसरकर हा पहिला परदेशी फलंदाज. ब्रॅडमनची तिथे दोन होती. तेंडुलकर, लारा, पाँटिंग यांना लॉर्ड्सवर एकही कसोटी शतक जमलं नाही, गावसकरलाही नाही. पण नुसता विक्रम सांगून भागत नाही, तिन्ही खेळ्या कुठल्या परिस्थितीत आल्या ते पाहावं. १९७९मध्ये भारत पहिल्या डावात ९६वर गारद झाला, वेंगसरकर शून्यावर. इंग्लंडने चारशेच्या वर धावा केल्या. दुसऱ्या डावात विश्वनाथ आणि वेंगसरकर यांनी २१० धावा जोडल्या आणि कसोटी वाचवली. विश्वनाथ ११३, वेंगसरकर १०३. १९८२मध्ये पुन्हा फॉलोऑन, आणि वेंगसरकर १५७. भारत सात गड्यांनी हरला. त्या डावातले लोकांना आठवतात ते कपिल देवचे ८९, कारण ते वादळासारखे आले. १९८६मध्ये गूचच्या शतकानंतर इंग्लंड २९४, भारत ३४१, त्यात वेंगसरकर नाबाद १२६. शतक पुरं होताना समोरच्या टोकाला अकरावा फलंदाज मनिंदर सिंग उभा होता. दुसऱ्या डावात छोट्या लक्ष्याकडे जाताना डगमगलेल्या डावाला त्याच्या ३३ धावांनी आधार दिला. १९३२पासून लॉर्ड्सवर खेळणाऱ्या भारताचा तिथला पहिला विजय या सामन्यात आला. पण कपिलने एडमंड्सला षटकार मारून सामना संपवला आणि सामनावीरही कपिलच ठरला.

तीन शतकं, आणि तिन्ही वेळा आठवणीत पुढे उभा दुसराच. विश्वनाथ, कपिल, पुन्हा कपिल. त्यांचं श्रेय कमी करण्याचा प्रश्नच नाही. कपिलने दोन्ही डावांत बळी घेऊन १९८६चा तो सामना भारताकडे वळवला होता. एवढंच की ४७ धावांची आघाडी ज्या डावावर उभी होती तो डाव वेंगसरकरने एका टोकाला शेवटपर्यंत धरून ठेवला होता.

यानंतर लीड्स. ही कसोटी मात्र वेंगसरकरची आहे, दुसऱ्या कुणाची नाही, आणि नेमकी तीच मराठी क्रिकेटगप्पांत सर्वांत कमी येते.

जून १९८६. हेडिंग्लेची खेळपट्टी त्या काळी इंग्लंडमधली सर्वांत लहरी म्हणून प्रसिद्ध होती. आभाळ भरून आलं की चेंडू हवेत वळायचा, टप्पा पडला की कुठेही जायचा, कधी गुडघ्याखाली राहायचा, कधी अंगावर यायचा. जखमी चेतन शर्माच्या जागी, तिथे लीग क्रिकेट खेळत असलेल्या मदनलालला बोलावून संघात घ्यावं लागलं. भारताने पहिल्या डावात २७२ केल्या, वेंगसरकर ६१. इंग्लंड १०२ सर्वबाद, रॉजर बिन्नीने पाच बळी घेतले. दुसऱ्या डावात जॉन लीव्हरच्या डावखुऱ्या स्विंगपुढे भारताचे गडी पडत होते. एका टोकाला वेंगसरकर उभा राहिला आणि उभाच राहिला. भारत २३७, वेंगसरकर नाबाद १०२. इंग्लंडच्या अख्ख्या संघाने पहिल्या डावात जेवढ्या धावा केल्या, तेवढ्या त्याने एकट्याने एका डावात केल्या. सामन्यात चार डाव झाले, दोन्ही संघांचे बावीस खेळाडू होते, पण वेंगसरकरशिवाय कुणाचंही अर्धशतक झालं नाही. इंग्लंड दुसऱ्या डावात १२८वर आटोपला आणि भारत २७९ धावांनी जिंकला. मालिका खिशात आली. तीन कसोटींत वेंगसरकरच्या ३६० धावा, सरासरी ९०.

त्या गोलंदाजीत बॉथम नव्हता, हे खरं. तो तेव्हा बंदीखाली होता. पण तशा खेळपट्टीवर खरा प्रतिस्पर्धी खेळपट्टीच असते. ज्या मुलाने पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर शिक्षण घेतलं, त्याला असा चेंडू ओळखीचा असणार असं मानायला जागा आहे. पाय पूर्ण पुढे, डोकं चेंडूवर, हात सैल, आणि चेंडू बॅटकडे येईपर्यंत थांबायची तयारी. मुंबईच्या मैदानांवर याला ‘खडूस’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. गुड लेंग्थचा चेंडू सोडायचा, पुढे पडला की ऑन ड्राइव्ह, पायावर आला की मिडविकेटकडे. चूक न करता हे तासन् तास करत राहणं फार थोड्यांना जमलं आहे. परदेशी मैदानावर, कठीण खेळपट्टीवर, सामना जिंकून देणारी फलंदाजी म्हणून ही कसोटी भारतीय क्रिकेटच्या पहिल्या पाचात यायला हवी.

लीड्स हा अपवाद नव्हता, हे पुढच्या दीड वर्षाने दाखवलं. जून १९८६ ते डिसेंबर १९८७ या काळात त्याने आठ कसोटी शतकं काढली. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज, पाचही संघांविरुद्ध. मुंबईत ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १६४, कटकला श्रीलंकेविरुद्ध १६६. दिल्लीत कर्णधार म्हणून पहिल्याच कसोटीत पॅट्रिक पॅटरसनने भारताला ७५वर गुंडाळलं, आणि त्याच खेळपट्टीवर दुसऱ्या डावात वेंगसरकरने १०२ केल्या. सामना रिचर्ड्सच्या नाबाद शतकाने वेस्ट इंडिजला मिळाला. पुन्हा दुसऱ्याच्या नावाचा सामना. त्या काळी सुरू झालेल्या जागतिक क्रमवारीत, म्हणजे आजच्या आयसीसी क्रमवारीच्या पूर्वजात, वेंगसरकर पहिल्या क्रमांकावर होता. रिचर्ड्स, मियांदाद, बॉर्डर, क्रो, गावर हे सगळे खेळत असताना दादरचा एक माणूस जगातला सर्वोत्तम फलंदाज ठरला. ही गोष्ट आपण फार हळू आवाजात सांगतो.

सरासरीचा आक्षेप उरतो. ४२ म्हणजे काय मोठं, असं आजच्या पन्नाशीच्या सरासरीची सवय झालेल्या वाचकाला वाटू शकतं. ग्रॅहम गूच ११८ कसोटी खेळला, सरासरी ४२.५८. डेस्मंड हेन्स वेंगसरकरइतक्याच ११६ कसोटी खेळला, सरासरी ४२.२९. या दोघांना महान म्हणताना कुणाचीही जीभ अडखळत नाही. शिवाय हेन्सला कसोटीत मार्शल, होल्डिंग, गार्नर यांना कधीच तोंड द्यावं लागलं नाही, ते त्याच्याच संघात होते. आणि आपला लाडका विश्वनाथ? ९१ कसोटी, ४१.९३. विश्वनाथच्या स्क्वेअर कटवर जीव ओवाळून टाकणाऱ्या माणसांनी वेंगसरकरच्या ऑन ड्राइव्हला मात्र सरासरीचा हिशेब विचारावा, हे बरोबर नाही.

त्याच्या कर्णधारपदाचा उल्लेख टाळता येत नाही, पण त्यावर फार रेंगाळायचंही कारण नाही. दहा कसोटी, दोन विजय, पाच पराभव. १९८९चा वेस्ट इंडिज दौरा वाईट गेला. कर्णधार म्हणून तो महान नव्हता. निवड समितीचा अध्यक्ष असताना विराट कोहलीला पुढे आणण्याचा त्याचा आग्रह, मुंबईच्या ओव्हल मैदानावरची अकादमी, मुलांसाठी केलेलं काम या गोष्टी मोठ्या आहेत. पण फलंदाज म्हणून त्याची किंमत करताना त्या पारड्यात घालू नयेत. त्याला त्याची गरज नाही.

एका सामन्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. मे १९९१, वानखेडेवर रणजी अंतिम सामना, मुंबई विरुद्ध हरयाणा. मुंबईपुढे ३५५ धावांचं लक्ष्य. कोवळ्या तेंडुलकरने ९६ ठोकल्या आणि बाद झाला. पस्तिशीतला वेंगसरकर पाय आखडल्यामुळे रनर घेऊन खेळत राहिला. शेवटचा जोडीदार अॅबी कुरुविला. तीन धावा हव्या असताना कुरुविला धावचीत झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर नाबाद १३९. त्याचे अश्रू त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. कपिल देवच्या हरयाणाला मिळालेला तो एकमेव रणजी करंडक, म्हणून तो सामना कपिलचा. शंभराहून जास्त कसोटी खेळलेला, लॉर्ड्सवर तीनदा शतक काढलेला माणूस एका स्थानिक करंडकासाठी लहान मुलासारखा रडतो, यावरून त्याने आयुष्यभर प्रत्येक विकेटची किती किंमत केली ते कळतं.

निकाल मग असा. गावसकर, तेंडुलकर, द्रविड यांच्या ओळीत वेंगसरकर नाही. परदेशातले ते रिकामे रकाने भरून निघत नाहीत. त्यांच्या लगेच मागच्या ओळीत, विश्वनाथच्या खांद्याला खांदा लावून तो उभा आहे, आणि ती ओळही महान फलंदाजांचीच आहे. यापुढे त्याचं नाव घेताना कुणी थबकलं, तर वाचकांनी त्याच्यासमोर जून १९८६च्या लीड्स कसोटीचा धावफलक ठेवावा आणि दोन्ही संघांतली अर्धशतकं मोजायला सांगावं.